कानांनी बघायचे सिनेमे

सोलापुरात कानाचं मशीन बसवून घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी जाताना बॅटरीच्या पाकिटाबरोबर भुताच्या सिनेमाची चिठ्ठी मिळते, असं सांगितलं तर बाहेरगावचा माणूस हसेल. हसू दे. यशपाल शिवशरणच्या टेबलावर गेली चौदा वर्षं हेच चाललं होतं आणि एकाही पेशंटने तक्रार केली नव्हती. तक्रारी यायच्या त्या सुनांच्या. म्हातारा टीव्हीसमोरून हलत नाही आणि आता आम्हाला स्वयंपाकघरात एकटं जायची भीती वाटते, अशा.

सात रस्त्याजवळ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ते केंद्र होतं. कानाची तपासणी करायच्या प्रतिक्षा मॅडम. वयाने यशपालपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण पदवी घेतलेल्या, म्हणून मॅडम. यशपालचं काम साच्याचं. पेशंटच्या कानात मऊ गुलाबी लगदा भरायचा, त्याचा ठसा घ्यायचा, त्यावरून त्या कानात घट्ट बसेल असा साचा बनवायचा, त्याला मशीन जोडायचं आणि कानात बसवून द्यायचं. कानाला कानडीत किवी म्हणतात आणि तेलुगूत चेवी, एवढं तर तो पहिल्याच महिन्यात शिकला होता. सोलापुरात हे तिन्ही शब्द आल्याशिवाय कानाचा धंदा चालत नाही.

चिठ्ठीमागे त्याचा विचार होता. नवं मशीन लावलेल्या माणसाला सुरुवातीला सगळंच अंगावर येतं. पंखा, भांडी, स्वतःची चप्पल, सगळं सारख्याच जोरात. त्याला बारीक आवाज वेगळे काढायला शिकवायचे असतात. त्यासाठी बातम्या उपयोगाच्या नाहीत, तिथे सगळे ओरडतात. मालिका उपयोगाच्या नाहीत, तिथे सासूने मान वळवली तरी ढोल वाजतो. भुताच्या सिनेमात मात्र दहा-दहा मिनिटं कुणी बोलत नाही, आणि त्या दहा मिनिटांत नळ ठिबकतो, फळी करकरते, पलंगाखाली कुणीतरी श्वास घेतं. "तो श्वास ऐकू आला की समजायचं मशीन बसलं," यशपाल म्हणायचा. "नाही आला तर माझ्याकडे परत या."

सिनेमांची खरी नावं त्याच्या तोंडी कधी नसायची. आवाजावरून त्याने आपली नावं पाडली होती आणि चिठ्ठीवर खऱ्या नावाखाली तीच लिहायचा. नवशिक्याला तो पाळण्यावाला द्यायचा. रिकाम्या खोलीत पाळणा हलतो, कुरकुर सावकाश वाढत जाते, गोष्ट सरळ आहे, नातवंडांबरोबर बसून बघता येते. ज्याचं हृदय नाजूक त्याला कडीवाला, कारण दीड तास कडी वाजते आणि शेवटी ती मांजराने हलवलेली निघते. कान चांगला तयार झाला की मग लिफ्टवाला. नळवाला मात्र तो कुणालाही देत नसे. त्यात भाड्याच्या घरात राहणारी एक बाई रोज एकेक नळ घट्ट बंद करत जाते, तरी ठिबकणं थांबत नाही. घर बदलते, तरी थांबत नाही. आणि अगदी शेवटी ती झोपलेल्या मुलीच्या पाठीला कान लावते. बस, तिथे सिनेमा संपतो. नळवाला मागायला माणूस स्वतःहून आला पाहिजे, असा यशपालचा नियम होता.

त्याची मतंही ठाम होती, आणि चहाच्या टपरीवर कुणी विषय काढायचा अवकाश, ती बाहेर पडायची. भूत पडद्यावर दाखवलं की सिनेमा तिथेच बसला. रक्ताचे सिनेमे बहिऱ्या लोकांसाठी काढलेले असतात. आणि शांततेत मध्येच दणकन काहीतरी वाजवणारे दिग्दर्शक तर त्याला अजिबात खपत नसत. दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं, हे तो समोरच्याचा चहा निवेपर्यंत समजावून सांगायचा. दचकायला फटाका पुरतो, घाबरायला माणसाला आधी गप्प बसून ऐकावं लागतं. घर विहारात जाणारं. वडील हणमंत यांनी भूत नसतं हे लहानपणीच ठणकावून सांगितलेलं, आणि त्यावर यशपालचा आजही पूर्ण विश्वास होता. "नसतं म्हणूनच निवांत बघता येतं की," असं त्याचं म्हणणं.

असा हा माणूस गेल्या मे महिन्यात बेचैन झाला, तो एका रविवारच्या दुपारी.

जुळे सोलापुरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये भुताचे सिनेमे दुपारीच लागायचे. उन्हाळ्यात दोन ते चार या वेळात सोलापूर जितकं चिडीचूप असतं तितकं ते इतर कुठल्याही वेळी नसतं. रिक्षा नाही, भाजीवाला नाही, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली पडून असतात. पडदे ओढून, कूलर मुद्दाम बंद ठेवून, घाम पुसत यशपाल आणि त्याची मुलगी तेजश्री सिनेमा बघायचे. ती अकरावीतून बारावीत गेलेली. हा सिनेमा तिनेच शोधून काढला होता. बायको प्रियदर्शनी आतल्या खोलीत झोपली होती. तिला या प्रकारात रस नव्हता.

पडद्यावर एक बाई आरशासमोर बसून केस विंचरत होती. बराच वेळ काही घडत नव्हतं. यशपाल खूश होता, दिग्दर्शकाला घाई नाही हे त्याला आवडलं होतं. आणि एकदम तेजश्रीने त्याचा दंड घट्ट पकडला.

"पप्पा!"

"काय गं?"

"ऐकलं नाही?"

बाई केसच विंचरत होती. यशपालने पडद्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. तिच्या हातावर काटा आला होता.

"ऐकलं की," तो म्हणाला. "साधारण आहे."

चार वाजता ती क्लासला गेली. यशपालने सिनेमा मागे घेतला आणि टीव्हीला कान लावून तेवढाच तुकडा पुन्हा बघितला. काही नाही. आवाज वाढवला. कंगव्याचा आवाज मोठा झाला, बाकी काही नाही. तिसऱ्या वेळी त्याने खालची अक्षरं सुरू केली. बाई केस विंचरत होती, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं: दूरवर पैंजण.

त्याने टीव्ही बंद केला आणि पडदे उघडले. घरात ऊन आलं. आपल्या टीव्हीचा स्पीकर जुना झालाय, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ते त्याला पटलंही.

पण मन थाऱ्यावर राहिना. चहात साखर ढवळताना तो चमचा कपावर आपटून बघू लागला. किल्ल्यांचा जुडगा कानाजवळ नेऊन हलवू लागला, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. शेजारच्यांच्या मायक्रोवेव्हची टुकटुक पूर्वी भिंतीतून यायची, ती येते का म्हणून भिंतीशी उभा राहू लागला. सोफ्यावरची जागा त्याने चार वेळा बदलली. एकदा जेवताना सहज म्हणाला, "यंदा डास कमी झालेत नाही?"

प्रियदर्शनीने घास हातात तसाच धरला. "कमी? कालपासून कानाशी गुणगुण करून जीव नकोसा केलाय मेल्यांनी. तुम्हाला नाही चावत का?"

चावत होते. अंगावर गांधी उठत होत्या. फक्त ते मुकाट्याने येत होते.

खरं तर त्याला शोध घ्यायची गरजच नव्हती. ज्या खोलीत बसून कानाची परीक्षा होते, ती काचेची बंद खोली त्याच्या टेबलापासून चार पावलांवर होती. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं. समोर बसलेल्या पेशंटला त्याने हजारदा सांगितलं होतं की कान कमी झाला यात लाज कसली, डोळे गेले तर चष्मा लावता ना? आता तीच चार पावलं टाळण्यासाठी तो जेवणाच्या सुट्टीत खाली टपरीवर जाऊन बसू लागला.

भीती कशाची होती हे त्याला नीट माहीत होतं. साचा सैल बसला की मशीनमधला आवाज कानातून बाहेर गळतो, तोच पुन्हा मशीनमध्ये शिरतो आणि एक बारीक शिट्टी वाजत राहते. पेशंट खुर्चीवरून उठण्याआधी ती शिट्टी येते का, हे कान देऊन ऐकायचं, ही यशपालच्या कामाची शेवटची पायरी. तिच्यासाठी कुठलंही यंत्र नव्हतं. यशपालचा कान हेच ते यंत्र. शिट्टी ऐकू न येणाऱ्या साचेवाल्याला कोण ठेवून घेईल? आणि समजा घेतलं ठेवून, तर रविवारी दुपारी तो मुलीशेजारी बसून काय करणार होता? खालची अक्षरं वाचणार होता?

आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तो बघतच नव्हता. अठराव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. एका शेडमध्ये चोवीस माग. तिथे बोलायचं ते ओठांवरून आणि बोटांवरून. त्या शेडमधले त्याचे सोबती आता पन्नाशीला आले होते, आणि एकामागून एक जिना चढून त्याच्याच टेबलाशी येत होते. तो त्यांच्या कानांत लगदा भरायचा, जुन्या गप्पा मारायचा, चिठ्ठी द्यायचा. आपणही त्याच शेडमध्ये उभे होतो, हे त्याला चौदा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आता ते सुचत होतं आणि तो ते झटकत होता. सहाच वर्षं तर होतो, असं म्हणून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निंगव्वा आली. मंद्रूपच्या पुढच्या, अर्धं कानडी बोलणाऱ्या गावातली धनगराची म्हातारी. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावरून पदर, कपाळ रिकामं. मुलगा बिरुदेव तिला मोटारसायकलवरून घेऊन आला होता. तपासणी आणि साचा आधीच झाला होता, आज फक्त मशीन बसवायचं होतं. प्रतिक्षा मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. बिरुदेवचा फोन वाजला तसा तो बोलत बोलत जिन्यात गेला. खोलीत दोघंच उरली.

यशपालने तिला पदर मागे घ्यायला लावला, मशीन कानात बसवलं, सुरू केलं आणि हळू आवाजात विचारलं, "आज्जी, येतंय का ऐकू?"

निंगव्वाचे डोळे मोठे झाले. "येतंय की रं बाबा." मग तिने सवयीने पदर पुन्हा डोक्यावरून पुढे ओढला, आणि तिथेच थबकली. एक हात कानाशी गेला. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मागे वळून दाराकडे बघितलं. "किवियाग देव्व बंतु," ती पुटपुटली.

किवी म्हणजे कान. बंतु म्हणजे आलं. मधला शब्द यशपालला कळायला अडचण नव्हती. मशीन लागलं की माणसं असंच बोलतात. कुणी म्हणतं देव पावला, कुणी पाया पडतं, एकाने तर पेढे वाटले होते. या म्हातारीच्या कानात देवच आला. यशपालच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या दिवसांची बेचैनी घटकाभर पळाली. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, कान देऊन शिट्टी ऐकत होता, आणि शिट्टी नव्हती. म्हणजे कान शाबूत होता, नाही का?

"असू दे आज्जी, असू दे," तो हसून म्हणाला. "आता कायमचा तिथेच राहील. मशीन काढू नका फक्त."

निंगव्वाने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की दुसरा कुणी असता तर चमकला असता. यशपाल चिठ्ठी लिहीत होता. पाळण्यावाला. बिरुदेव आत आला तेव्हा ती त्याच्या हातात देऊन म्हणाला, "घरी सगळे मिळून बघा." दुसऱ्या दिवशी त्याने प्रतिक्षा मॅडमना आणि टपरीवर दोघातिघांना ते देव आल्याचं सांगितलं. मॅडम कामात होत्या. "छान," म्हणाल्या.

नवव्या दिवशी बिरुदेवचा फोन आला.

"सायेब, तुमचं मशीन परत घिऊन जावा. आमाला न्हाय पायजे."

"का? ऐकू येत नाही का आज्जींना?"

"लई ऐकू यायलंय. त्येच तर झालंय."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. यशपालने साच्याची पेटी घेतली, गाडीला किक मारली आणि निघाला. रस्ताभर त्याला वाटत होतं, बॅटरी उलटी बसवली असेल, पाणी गेलं असेल. गाव आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. लिंबाखाली पाच शेळ्या बांधलेल्या. उंबऱ्यावर निंगव्वा बसली होती, आणि तिच्या डोक्यावर पदर नव्हता. दारात परका पुरुष आला तरी तिने तो घेतला नाही. नऊ दिवसांत ती चांगलीच उतरली होती. मशीन कुठे दिसत नव्हतं.

"गोठ्यात ठिवलंय, डब्यात," सून मायाक्का म्हणाली. "घरात कोन ठिवंल त्ये? तुमी दिलेला त्यो पाळन्याचा शिनेमा लावला आमी, मोबाईलवर, सगळी मिळून. आन् पाळना हालाया लागला न् आत्त्याबाईनं पदर घ्येतला, तशी शिट्टी आली बगा. बारीक. घरातनंच. आमी समद्यांनी ऐकली."

"शिट्टी?" यशपाल म्हणाला.

"सासरे आमचे, सिद्धाप्पा. मेंढरांना बोलवाया अशीच शिट्टी घालायचे. त्यास्नी जाऊन तीन वर्सं झाली. दुसऱ्या दिशी परत आली. आत्त्याबाईनं पदर घ्येतला की येतीया. मग त्या म्हनाल्या, त्यो बोलवायलाय मला. जेवन सोडलं. आमी म्हनलं, डाक्टरला इचारू, तर म्हनत्यात, त्या मानसाला म्या तवाच सांगिटलं देव्व आलंय म्हून, तर त्यो हासला. म्हनला, कायमचं तितंच ऱ्हाईल."

"देव म्हणाल्या होत्या त्या," यशपाल म्हणाला.

"देव न्हवं वो. देव्व. कानडीत देव्व म्हंजी भूत."

यशपालला भर उन्हात गार वाटलं. एका म्हाताऱ्या बाईने त्याला सांगितलं होतं की माझ्या कानात भूत आलंय, आणि त्याने तिला हसून सांगितलं होतं की असू दे, काढू नका. वर भुताचा सिनेमा लिहून दिला होता. एवढं तर नळवाल्याच्या दिग्दर्शकालाही सुचलं नसतं.

तरी अजून एक जागा शिल्लक होती आणि त्याने ती धरून ठेवली. शब्द चुकला, ठीक आहे, कानडी आपल्याला कुठे येतं. पण शिट्टी? साचा इथे येऊन सैल झाला असेल. त्या दिवशी नसेलच वाजली. त्याने डबा मागवला, मशीन पुसलं, बॅटरी बघितली आणि निंगव्वासमोर उकिडवा बसला. ती मान हलवत होती. "एकदाच, आज्जी. मी आहे ना इथे." मायाक्काने तिची समजूत घातली. त्याने मशीन कानात बसवलं, सुरू केलं, आणि म्हणाला, "आता पदर घ्या."

निंगव्वाने डोळे मिटले आणि पदर डोक्यावरून पुढे घेतला.

मायाक्काचा हात तोंडावर गेला. दारात उभी असलेली नात आजीकडे बघत बघत मागे सरकली आणि आत पळाली. लिंबाखालच्या शेळ्यांनी रवंथ थांबवली, आणि पाचही जणींचे कान एकदम वळले. यशपाल म्हातारीच्या कानापासून हातभर अंतरावर बसला होता.

त्याला काही ऐकू येत नव्हतं.

"वाजायलंय?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"आत्ता! वाजायलंय की," मायाक्का म्हणाली. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमाला येईना व्हय?"

त्याने आजवर पाहिलेल्या निम्म्या सिनेमांत घरातल्या एकालाच काहीतरी ऐकू येतं आणि बाकीचे त्याला वेड्यात काढतात. इथे सगळ्या घराला ऐकू येत होतं, शेळ्यांनाही येत होतं. आता स्पीकरचं नाव घ्यायला जागा नव्हती, डासांचं नव्हतं, सहाच वर्षं होतो याचंही नव्हतं. पण समोर म्हातारी डोळे मिटून बसली होती. तेव्हा त्याने आधी तिचं काम करायचं ठरवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही हितं उभ्या राहा. वाजलं की हात वर करायचा. थांबलं की खाली."

त्याने साचा काढला, पेटीतला मऊ लेप त्यावर चढवला, वाळेपर्यंत दहा मिनिटं फुंकर घालत बसला. मशीन लावलं, पदर घ्यायला लावला. मायाक्काचा हात वर. पुन्हा काढला, पुन्हा लेप. हात वर, पण अर्धाच. तिसऱ्या वेळी निंगव्वाने पदर ओढला, आणि मायाक्का हात खाली सोडून तशीच कान देऊन उभी राहिली.

"गेली," ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं मानण्यावाचून यशपालकडे दुसरा मार्ग नव्हता.

मग त्याने निंगव्वाला सगळं समजावून सांगितलं. साचा सैल, आवाज गळतो, पदराने अडतो, शिट्टी वाजते. ती ऐकत होती. पदर चाचपून बघत होती, मागे करत होती, पुढे करत होती.

"मंजे त्यो न्हवता?"

"नाही, आज्जी. मशीन होतं."

ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "म्या माज्या पाटल्या सुदिक वाटून टाकल्या की रं." मायाक्का हसायला लागली, हसता हसता तिलाही रडू आलं. निंगव्वाने मात्र यशपालवरची नजर काढली नव्हती. "तवा तुमी माज्याजवळच हुबं हुता. त्येवढं वाजत हुतं, तर तवाच का न्हाय सांगिटलं?"

उत्तर तयार होतं. मशीन नवं असलं की सुरुवातीला असं होतं, कंपनीला कळवतो. चौदा वर्षांत कितीतरी जणांना त्याने ते ऐकवलं होतं, आणि इथे कुणीही उलट विचारलं नसतं. पण नऊ दिवस ही बाई मरायच्या तयारीने उंबऱ्यावर बसून होती.

"मला ऐकू आलं नाही," तो पुटपुटला.

"ऑ?" निंगव्वाने मशीनचा कान पुढे केला. "काय म्हनला?"

"मला ऐकू आलं नाही, आज्जी!" तो ओरडला. सगळ्या अंगणाने ऐकलं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून बघितलं.

निंगव्वाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिला त्यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

"मंग तुमीबी येक लावा की," ती म्हणाली, आणि मायाक्काला चहा ठेवायला सांगितलं.

परतताना यशपाल घरी गेला नाही. दुपारचे अडीच वाजले होते, जेवण झालं नव्हतं, शर्ट पाठीला चिकटला होता. तो जिना चढून केंद्रात आला. प्रतिक्षा मॅडम डबा संपवून हात धूत होत्या.

"मॅडम, एक तपासणी करायची आहे."

"आत्ता? पेशंट कुठाय?"

"मीच आहे," तो म्हणाला आणि थांबला तर पाय मागे फिरतील म्हणून तसाच चालत त्या काचेच्या खोलीत जाऊन बसला.

मॅडम क्षणभर दारात उभ्या राहिल्या. मग हेडफोन त्याच्या कानांवर चढवला, बटण त्याच्या हातात दिलं. आवाज कितीही बारीक आला तरी दाबायचं, हे वाक्य त्या रोज म्हणायच्या, आज म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "माझ्याकडे पाठ करून बसा, दादा. मला माहितीय, तुम्हाला माझा हात बघून सगळं कळतं." आणि जड दार लागलं.

समोर आवाज शोषणारी छिद्रांची भिंत. पहिला आवाज आला, स्वच्छ. त्याने दाबलं. तो बारीक होत गेला, यशपाल दाबत गेला. मग त्याहून चढा सूर, तोही आला. त्याच्या जिवात जीव आला. मग शांतता.

आता त्याला पाठ फिरवून बसवल्याचा काही उपयोग नव्हता. मॅडमचा क्रम त्याला पाठ होता. यानंतर चार हजार हर्ट्झ. मागावरच्या माणसांचा कान जिथे पहिल्यांदा खचतो, तो सूर. टूक टूक टूक, दोन सेकंद थांबायचं, नाही दाबलं तर आवाज पाच डेसिबलने वाढवायचा. पुन्हा टूक टूक टूक. ही लय तो झोपेतही मोजू शकला असता. आत्ता दाबलं असतं, मग दोन सेकंदांनी पुन्हा दाबलं असतं, तर कागदावर चांगल्या कानाची सरळ रेघ आली असती, तेजश्रीच्या कानाची येईल तशी. उद्या टेबल तसंच राहिलं असतं, चिठ्ठ्या तशाच. कुणाला कधी कळलं नसतं.

आता वाजलं असणार. आता पुन्हा.

अंगठा बटणावर टेकला होता. यशपालने तो उचलून बाजूला घेतला, आणि आवाज खरोखर ऐकू येईपर्यंत वाट बघत बसून राहिला.